गावोगाव, गाढविणीच्या चालीने : सेव्हेनच्या डोंगरवाटांचा इतिहास

१/२२
सप्टेंबर १८७८. दक्षिण फ्रान्समधील ल मोनास्तिए या डोंगरी गावाच्या बाजारात एक सत्तावीस वर्षांचा स्कॉटिश तरुण गाढविणीचा सौदा करीत होता. गाढवीण उंदराच्या रंगाची, आकाराने कुत्र्याहून फार मोठी नव्हे. स्वभाव गरीब आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्या पाठीवर एकामागून एक पोरे बसवून झाली. अखेर पासष्ट फ्रँक आणि ब्रँडीचा एक पेला या किमतीला सौदा ठरला. तरुणाने तिचे नाव ठेवले मॉदेस्तीन. त्या तरुणाचे नाव रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक म्हणून जग त्याला ओळखू लागण्यास अजून काही वर्षांचा अवकाश होता.

२/२२
गाढवीण हवी होती ती बसण्यासाठी नव्हे, ओझे वाहण्यासाठी. स्टीव्हन्सनने स्वतःच्या कल्पनेने एक झोपण्याची पिशवी शिवून घेतली होती. बाहेरून हिरवे जलरोधक कापड आणि आतून मेंढीची निळी लोकर. रात्री तिच्यात शिरायचे, दिवसा तिच्यातच सामान भरायचे. ही पिशवी ऐंशी फ्रँकांना पडली. म्हणजे अंथरूण गाढविणीपेक्षा महाग ठरले. सामानात पिस्तूल, स्पिरिटचा दिवा, कंदील, मेणबत्त्या, पाव, मांस, वाइनची बाटली आणि अंडी फेटण्याचे यंत्रसुद्धा होते. हौसेखातर डोंगरात पायी हिंडून उघड्यावर झोपणारा माणूस त्या काळी गावकऱ्यांनी पाहिलेला नव्हता. थंडी, लांडगे, दरोडेखोर यांचे भय सर्वांनी त्याला घातले.

३/२२
२२ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर, असे बारा दिवस तो चालला. अंतर सुमारे १९० किलोमीटर. हा आकडा सरळ वेगाने चालणाऱ्यास फार मोठा नाही. परंतु मॉदेस्तीनची चाल माणसाच्या चालीहून मंद होती आणि पहिल्या दिवशी तिने मालकाचा अंत पाहिला. वाटेत भेटलेल्या एका शेतकऱ्याने त्याला छडी कापून दिली आणि गाढव हाकण्याचा परवलीचा शब्द शिकवला. पुढच्या मुक्कामी खाणावळवाल्याने टोकदार आरी करून दिली. तिच्या टोचणीने चाल थोडी सुधारली, परंतु तिच्या अंगावर उमटलेल्या जखमांची टोचणी पुढे स्टीव्हन्सनच्याच मनाला लागली.

४/२२
हा प्रदेश कोणता? फ्रान्सच्या मध्यभागी असलेल्या जुन्या पठारी डोंगररांगांची आग्नेय कड म्हणजे सेव्हेन. उत्तरेला ज्वालामुखीच्या काळ्या खडकांचे व्हले, मग वारा खाणारे ओसाड जेव्होदाँ, त्यापुढे ग्रॅनाइटचा माँ लोझेर, ज्याचे सर्वोच्च शिखर १,६९९ मीटर उंच आहे. तो ओलांडला की जमीन एकाएकी बदलते. पाटीच्या दगडाच्या अरुंद धारा, खोल दऱ्या, चेस्टनटची झाडे आणि उतारावर रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या. खरे सेव्हेन ते हेच. येथे सपाट जमीन जवळजवळ नाही. जी आहे ती माणसाने टोपलीने माती वाहून केलेली आहे.

५/२२
स्टीव्हन्सनच्या पुस्तकामुळे ही वाट प्रसिद्ध झाली, हे खरे. परंतु त्याने ती शोधून काढली असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्याच्या आधी कित्येक शतके या डोंगरांत माणसे गावोगाव पायीच फिरत होती. ती हौसेने फिरत नव्हती. मेंढपाळ, खेचरवाले, यात्रेकरू, सैनिक, फरारी आणि धर्मोपदेशक अशा प्रत्येकाने आपल्या गरजेनुसार येथे वाट पाडली. आज रंगीत खुणा पाहत जाणारा पदयात्री खरे तर या साऱ्यांच्या पावलांवर पाऊल ठेवीत असतो. या धाग्यात त्या वाटांचीच कहाणी आहे.

६/२२
सर्वांत जुन्या वाटा मेंढ्यांच्या. उन्हाळ्यात लाँगदॉकच्या सपाट प्रदेशातील कुरणे करपली की कळप माँ लोझेर आणि एग्वालच्या माथ्यावर चढत आणि शरद ऋतूत खाली उतरत. या कळपांच्या रुंद वाटांना ‘द्राय’ म्हणतात. त्या गावांना वळसा घालून डोंगराच्या धारेने सरळ चढतात, कारण मेंढ्यांना वळणावळणाचा रस्ता नको असतो आणि शेतकऱ्याला शेतात मेंढ्या नको असतात. माँ लोझेरच्या एका भागावर मध्ययुगात सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांची मालकी होती. त्यांच्या क्रुसाची खूण कोरलेले सीमेचे दगड तेथे अद्याप उभे आहेत.

७/२२
दुसरी वाट व्यापाराची आणि यात्रेची. ऑव्हेर्न्यहून खाली सँ-जील या तीर्थक्षेत्राकडे जाणारा रेगोर्दान मार्ग मध्ययुगात गजबजलेला होता. दक्षिणेकडून मीठ, तेल, वाइन लादलेल्या खेचरांचे तांडे या मार्गाने वर येत. प्रादेल, लांगोन्य, ल्यूक ही गावे त्यामुळेच भरभराटली. स्टीव्हन्सनची वाट या मार्गाला ठिकठिकाणी छेदते.

डोंगरावर हिमवादळ उठले की वाट दिसेनाशी होई. म्हणून माँ लोझेरवर उभ्या दगडांच्या खुणा रोवल्या होत्या आणि पायथ्याच्या काही वाड्यांमध्ये वादळी घंटांचे छोटे मनोरे बांधले होते. वादळात कोणी वाट चुकला असेल तर त्याला दिशा कळावी म्हणून गावकरी ती घंटा वाजवीत राहत. हे मनोरे आजही पाहता येतात.

८/२२
तिसरी वाट राजाच्या हुकमाची. ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नांतच्या फर्मानाने फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांना मर्यादित धर्मस्वातंत्र्य दिले. ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ते फर्मान रद्द केले. प्रार्थनामंदिरे पाडली गेली, उपदेशकांना देश सोडण्याचा हुकूम झाला. सामान्य प्रजेला मात्र देश सोडण्यास बंदी होती. तिने कॅथॉलिक व्हावे, एवढाच मार्ग खुला ठेवला होता. ज्यांनी नकार दिला त्यांच्या घरी सैनिकांचा तळ बसे आणि घरमालक धर्मांतरास कबूल होईपर्यंत तो हलत नसे.

९/२२
सेव्हेनच्या दऱ्यांमधील बहुसंख्य लोक प्रॉटेस्टंट होते. लाँगदॉकचा राजप्रतिनिधी बाव्हिल याने ओळखले की या डोंगरांचे बळ त्यांच्या दुर्गमतेत आहे. तेव्हा त्याने तोफा आणि घोडदळ जाऊ शकेल असे रुंद ‘शाही रस्ते’ दऱ्याखोऱ्यांतून काढले. त्याआधी येथे खेचराच्या पाऊलवाटाच होत्या. म्हणजे या डोंगरातील अनेक रस्ते लोकांच्या सोयीसाठी जन्मलेले नाहीत, लोकांना धाकात ठेवण्यासाठी जन्मलेले आहेत. पदयात्रेच्या नकाशावर ही गोष्ट दिसत नाही, तरी तिच्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही.

१०/२२
२४ जुलै १७०२ ची रात्र. तार्न नदीवरील पाँ-द-माँव्हेर या गावात आबे द्यु शेला नावाचा कॅथॉलिक धर्माधिकारी राहत असे. प्रॉटेस्टंटांना वठणीवर आणण्याचे काम त्याच्याकडे होते आणि त्याचे घर हेच त्याचे कारागृह होते. देशाबाहेर पळून जाताना पकडलेले काही जण तेव्हा तेथे डांबलेले होते. त्या रात्री पन्नास-साठ माणसे स्तोत्रे गात गावात शिरली. कैदी सोडवले गेले, घराला आग लागली. द्यु शेलाने चादरींचा दोर करून खिडकीतून उतरण्याचा प्रयत्न केला, पण पडून त्याचा पाय मोडला. जमावाने त्याला शोधून काढले आणि ठार केले. कामिझार युद्धाची ही ठिणगी.

११/२२
हल्ल्याच्या नेत्यांपैकी एस्प्री सेगिए लवकरच पकडला गेला. १२ ऑगस्ट १७०२ रोजी त्याच पाँ-द-माँव्हेरमध्ये त्याला जिवंत जाळण्यात आले. बंड मात्र विझले नाही, पसरले. बंडखोरांना ‘कामिझार’ हे नाव पडले. स्थानिक भाषेत ‘कामिझो’ म्हणजे सदरा. गणवेशाऐवजी अंगात साधा सदरा असलेली ही माणसे होती. लोकर पिंजणारे, मेंढपाळ, शेतकरी. त्यांचा सर्वांत नामांकित सेनानी जाँ काव्हालिए हा बेकरीत उमेदवारी केलेला, जेमतेम विशीतला तरुण. दुसरा नेता रोलाँ. शिकलेले सरदार त्यांच्यात नव्हते. आपल्याला ईश्वराचे संदेश येतात या विश्वासावर लढणारे ‘प्रेषित’ मात्र होते.

१२/२२
काही हजार कामिझारांसमोर राजाचे त्यांच्या अनेक पटींचे सैन्य होते. तरीही युद्ध दोन वर्षे चालले, ते गनिमी काव्यामुळे. प्रत्येक वाडीत त्यांना भाकरी मिळे, प्रत्येक पाऊलवाट त्यांना ठाऊक असे. कासान्या गावाजवळच्या गुहांमध्ये त्यांचे कोठार होते. तेथे धान्य साठवले जाई, शस्त्रे घडवली जात, कढयांत सोरा उकळून बंदुकीची दारू केली जाई, जखमींवर उपचार होत. या सर्वांचा आधार एकच होता, गावोगावची वस्ती. म्हणून सरकारने वस्तीवरच घाव घातला.

१३/२२
१७०३ च्या शरद ऋतूत वरच्या सेव्हेनमधील ४६६ गावे आणि वाड्या उद्ध्वस्त करण्याची मोहीम निघाली. दगडी घरे कुदळीने पाडण्यास वेळ लागू लागला, तेव्हा आग लावण्याची परवानगी राजाकडून मिळवण्यात आली. हिवाळ्याच्या तोंडावर माणसे घराबाहेर काढली गेली. येथील इतिहासात ही घटना ‘महादहन’ म्हणून नोंदलेली आहे.

क्रौर्य एकाच बाजूला नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. कामिझारांनीही कॅथॉलिक गावांवर हल्ले केले, चर्च जाळली, निःशस्त्र माणसे मारली. शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला होता. या युद्धाची खरी शोकांतिका तीच.

१४/२२
१७०४ च्या वसंतात मार्शल व्हिलार या नव्या सेनापतीने तलवारीबरोबर वाटाघाटीचाही मार्ग धरला. मे महिन्यात काव्हालिए नीमला येऊन त्याला भेटला आणि त्याने शस्त्र खाली ठेवले. धर्मस्वातंत्र्य न मिळता झालेला हा तह त्याच्या बहुतेक सोबत्यांना मान्य नव्हता. ऑगस्टमध्ये विश्वासघाताने रोलाँचा ठावठिकाणा फुटला आणि तो मारला गेला. संघटित बंड तेथे संपले. काव्हालिए पुढे इंग्लंडच्या सेवेत गेला, मेजर जनरल झाला, जर्सी बेटाचा उपराज्यपाल झाला आणि १७४० मध्ये इंग्लंडमध्येच वारला.

१५/२२
यानंतर सुरू झाली चौथी वाट, शांतपणे चालण्याची. प्रॉटेस्टंट परंपरेत १६८५ ते १७८७ या काळाला ‘वाळवंट’ म्हणतात. बायबलातील इस्रायली लोकांच्या वाळवंटातील भटकंतीवरून हे नाव आले. उघड प्रार्थना गुन्हा होती, म्हणून सभा रानात, गुहांत, दगडांच्या खाणींत भरत. १७१५ मध्ये आंत्वान कूर या विशीतल्या तरुणाने शस्त्राचा मार्ग नाकारून विखुरलेल्या मंडळ्या पुन्हा बांधायला घेतल्या. उपदेशक वेष बदलून रात्री चालत, दिवसा कोणाच्या तरी गोठ्यात वा पोटमाळ्यावर दडत. घडी करून नेता येणारी व्यासपीठे, केसांत वा टोपीत लपेल एवढी छोटी स्तोत्रपुस्तके हे त्यांचे सामान होते. पकडल्यास उपदेशकाला फाशी, सभेला आलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा आणि स्त्रियांना तुरुंगवास.

१६/२२
त्या स्त्रियांपैकी एकीचे नाव सर्वांच्या ओठी राहिले. शेजारच्या व्हिव्हारे प्रांतातील मारी द्युराँ. तिचा भाऊ उपदेशक होता, एवढ्यावरून तिला १७३० मध्ये एग-मॉर्त येथील कॉन्स्तान्स बुरुजात डांबले. ‘मी धर्म सोडला’ एवढे वाक्य म्हटले असते तर दार उघडले असते. ते तिने म्हटले नाही. १७६८ मध्ये ती बाहेर आली तेव्हा ३८ वर्षे उलटून गेली होती. बुरुजाच्या दगडावर ‘प्रतिकार करा’ या अर्थाचा एक शब्द कोरलेला आहे. तो तिनेच कोरला असे परंपरा सांगते. १७८७ मध्ये सहिष्णुतेचे फर्मान निघाले आणि १७८९ च्या क्रांतीने उरलेली बंधनेही गळून पडली.

१७/२२
आता पुन्हा १८७८ कडे. स्टीव्हन्सनला हा इतिहास ठाऊक होता. किंबहुना तो त्यासाठीच आला होता. त्याच्या स्कॉटलंडमध्येही ‘कव्हेनंटर’ या प्रॉटेस्टंट पंथीयांनी राजसत्तेविरुद्ध अशीच झुंज दिली होती. १८६६ मध्ये, सोळाव्या वर्षी त्याने छापलेली पहिली पुस्तिका त्यांच्याच १६६६ च्या उठावावर होती. तरीही तो भाविक नव्हता. कडव्या धार्मिक घरात जन्मून श्रद्धा गमावलेला हा मुलगा होता आणि वडिलांशी त्याचा याच कारणावरून तीव्र संघर्ष झाला होता. आणखी एक दुःख सोबतीला होते. फॅनी ऑसबोर्न या विवाहित अमेरिकन स्त्रीवर त्याचे प्रेम होते आणि ती ऑगस्टमध्येच कॅलिफोर्नियाला परतली होती.

१८/२२
वाटेत त्याला बरे-वाईट दोन्ही अनुभव आले. एका रात्री जेव्होदाँमध्ये तो वाट चुकला. याच भागात १७६४ ते १७६७ या काळात एका हिंस्र श्वापदाने दहशत घातली होती आणि ‘जेव्होदाँचे श्वापद’ म्हणून त्याच्या कथा अजून सांगितल्या जात होत्या. अंधारात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून वाट दाखवायला कोणीही तयार झाले नाही. अखेर त्याने रानातच पथारी टाकली.

नोत्र-दाम द नेज या ट्रॅपिस्ट मठात मात्र त्याचे प्रेमाने स्वागत झाले. तेथेच मुक्कामाला असलेल्या एका धर्मगुरूने आणि एका निवृत्त सैनिकाने त्याला कॅथॉलिक होण्याचा आग्रह केला. आईबापांच्या धर्माचा मान राखण्यासाठी श्रद्धा असावीच लागते असे नाही. त्या आग्रहाने तो मनापासून दुखावला.

१९/२२
माँ लोझेरच्या उतारावर पाईनच्या झाडीत काढलेली रात्र ही या प्रवासातील सर्वांत प्रसिद्ध रात्र. सकाळी निघताना त्याने गवतावर काही नाणी ठेवली. निसर्गाच्या या खाणावळीत आपण फुकट राहिलो असे होऊ नये, हा त्यामागचा भाव. मग उभ्या दगडांच्या खुणांनी तो माथा ओलांडून पाँ-द-माँव्हेरला उतरला.

पुढच्या दऱ्यांमध्ये त्याने पाहिले की १७५ वर्षांपूर्वी एकमेकांचे गळे कापणाऱ्यांचे वंशज एकाच गावात नांदत आहेत. विसर मात्र कोणालाच पडलेला नव्हता. लग्नासाठी पंथ बदललेल्या एका माणसाविषयी त्याने गावकऱ्यांचे मत ऐकले. आपल्या बाजूला आला म्हणून त्याचे कौतुक नव्हते, माणसाने असे बदलू नये अशीच भावना होती. आठवण जपूनही वैर सोडता येते, हे त्याला तेथे दिसले. ज्याचे बापाशी धर्मावरून बिनसले होते, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

२०/२२
जे त्याने ओझरते पाहिले तेही महत्त्वाचे. लांगोन्यहून आलेसकडे जाणारी रेल्वे १८७० मध्येच पूर्ण झाली होती. त्याला ज्या प्रवासास आठवड्याहून अधिक काळ लागला तो आगगाडीने काही तासांत झाला असता. शासराडेसच्या खाणावळीत त्याला नव्या रेल्वेमार्गाची पाहणी करणारे लोक भेटले. रेल्वे आली आणि खेचरवाल्यांच्या वाटा ओस पडल्या.

त्याच काळात दऱ्यांची अर्थव्यवस्थाही ढासळत होती. चेस्टनट हे येथील गरिबाचे अन्न, त्याला ‘भाकरीचे झाड’ म्हणत. तुती हे ‘सोन्याचे झाड’, कारण रेशमाने रोख पैसा दिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेशमाच्या किड्यांवर रोग पडला. त्याचा उपाय शोधण्यासाठी लुई पाश्चर १८६५ मध्ये आलेसला आला आणि त्याने निरोगी अंडी निवडण्याची पद्धत घालून दिली. उपाय सापडला, पण तोवर आशियाई रेशमाने बाजार घेतला होता. मागोमाग चेस्टनटलाही रोग लागला. माणसे खाणींकडे आणि शहरांकडे निघाली. पहिल्या महायुद्धाने उरलेल्या वाड्यांतील तरुण नेले. लोझेर हा आज मुख्य भूमीवरील फ्रान्समधील सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा आहे.

२१/२२
दुसऱ्या महायुद्धात या निर्जन होत चाललेल्या दऱ्यांना जुनी विद्या पुन्हा आठवली. ज्यू कुटुंबे, नाझींच्या तावडीतून निसटलेले जर्मन, सक्तीच्या मजुरीस नकार देणारे फ्रेंच तरुण यांना येथील वाड्यांनी लपवले. ज्यांच्या पूर्वजांनी उपदेशकांना पोटमाळ्यावर दडवले होते, त्यांना दार केव्हा उघडावे आणि तोंड केव्हा मिटावे हे शिकवावे लागले नाही.

युद्धानंतर वाटांना नवे जीवन मिळाले. १९४७ मध्ये फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या पायवाटा आखण्यासाठी समिती स्थापन झाली. १९७० मध्ये सेव्हेन राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. त्याचे वैशिष्ट्य असे की त्याच्या गाभ्यातही माणसांची वस्ती आणि शेती कायम आहे. १९७८ मध्ये स्टीव्हन्सनच्या प्रवासाची शताब्दी झाली, त्याची मूळ रोजनिशी छापली गेली आणि लोक त्याच्या मागावर चालू लागले. आज ‘जीआर ७०’ या नावाची ही वाट ल प्युई ते आलेस अशी सुमारे २७० किलोमीटरची आहे. म्हणजे तिची दोन्ही टोके मूळ प्रवासाबाहेर आहेत आणि मधलेही काही टप्पे वेगळे आहेत, कारण जुनी वाट अनेक ठिकाणी डांबराखाली गेली. २०११ मध्ये कोस आणि सेव्हेनच्या पशुपालक भूप्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले. २०१५ मध्ये युरोपीय परिषदेने ‘स्टीव्हन्सनच्या पावलांवर’ या मार्गाला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला.

२२/२२
३ ऑक्टोबर १८७८ ला सँ-जाँ-द्यू-गार येथे प्रवास संपला. मॉदेस्तीन थकली होती, तिला दोन दिवसांची विश्रांती हवी होती. स्टीव्हन्सनला आलेसच्या टपालात पडलेली पत्रे गाठायची घाई होती. त्याने खोगिरासह तिला पस्तीस फ्रँकांना विकले आणि घोडागाडी पकडली. गाडी सुटल्यावर, बारा दिवस जिला हाकत आणि शिव्या देत आणले होते, तिच्या आठवणीने त्याला रडू कोसळले. पुस्तक १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तो फॅनीच्या ओढीने अमेरिकेला निघाला आणि मे १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला.

आजही पाँ-द-माँव्हेरच्या पुलाजवळ उन्हाळ्यात भाड्याच्या गाढवासह आलेले पदयात्री दिसतात. त्यांच्या मुक्कामावर एखादी खाणावळ, एखादी बेकरी तगून राहते. जी वाट एकेकाळी माणसे गाव सोडण्यासाठी चालली, त्याच वाटेने आता गावाला थोडा आधार येतो. पुलापासून काही पावलांवर द्यु शेलाचे घर होते. सेगिएला जाळले तेही याच गावात. वीस किलोमीटरचा टप्पा घाईने पुरा करणाऱ्याला तेथे फक्त एक सुंदर जुना पूल दिसतो. जो थांबून विचारतो, त्याला गावातले कोणीतरी १७०२ ची ती रात्र अजूनही सांगते.